कुलूपबंद वैभव

गेल्या वैशाखात आमच्या एका दिवंगत स्नेह्यांच्या चिरंजीवांकडे वास्तुशांतीस जाण्याचा योग आला. इंदूरच्या बायपासलगत बांधलेला प्रशस्त बंगला, पुरणपोळीचे जेवण आणि जेवणानंतर घर दाखविण्याचा सोहळा. देवघर पाहून झाले, स्वयंपाकघर पाहून झाले. मग यजमान आम्हांस जिन्याखालच्या एका काचेच्या कपाटापाशी घेऊन गेले. आत निळसर उजेड, आडव्या निजविलेल्या बाटल्या आणि दारावर चकाकणारा 13 हा आकडा. बाहेर पारा बेचाळिसाच्या घरात. वीज गेली तरी या कपाटाचे तापमान ढळू नये म्हणून इन्व्हर्टरची पहिली जोडणी येथे दिलेली आहे, असे यजमानांनी अभिमानाने सांगितले. बाटल्या किती, असे विचारता ‘ऐंशी’ हे उत्तर तत्काळ आले. उघडल्या किती, असे विचारता थोडा विचार करून ‘दोन वर्षांत तीन’ असे उत्तर आले.

त्यानंतर शयनगृहातील एक मखमली पेटी दाखविण्यात आली. तिच्यात चार मनगटी घड्याळे चार लहान चाकांवर संथपणे फिरत होती. ‘काका, अंदाज करा बरं, या तिसऱ्याची किंमत किती असेल?’ आम्ही अंदाज केला, तो हास्यास्पद ठरला. खरा आकडा आम्हांस शासनाकडून निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या उपदानाहून मोठा होता. सहज म्हणून आम्ही विचारले, ‘आणि बाबांचे घड्याळ?’ बऱ्याच शोधानंतर एका खणातून ते निघाले: एच. एम. टी.चे, रोज किल्ली द्यावी लागणारे, पट्टा विरलेले, चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेले. बाबांच्या पुस्तकांची दोन कपाटे कुठे आहेत, हे विचारण्याचा धीर आम्हांस निघताना झाला. ‘नव्या घरात जागाच नव्हती काका, रद्दीवाल्याला दिली.’

हा प्रसंग एका घराची निंदा करण्यासाठी आम्ही सांगत नाही. मुलगा कर्तबगार आहे, निर्व्यसनी आहे, वडीलधाऱ्यांच्या पाया पडणारा आहे. असे बंगले आता आपल्या समाजात दहा-वीस तरी निघतील आणि त्या प्रत्येकात हेच कपाट आणि हीच पेटी या ना त्या रूपात आढळेल. म्हणूनच हा विषय या पत्रिकेत मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. आमचा आक्षेप ऐश्वर्याला नाही. आमचा आक्षेप न वापरलेल्या ऐश्वर्याला आहे. आणि या साठवणीला जेव्हा ‘रसिकता’ असे नाव देण्यात येते, तेव्हा त्या नावाला आहे.

प्रथम घड्याळाचा विचार करू. स्वयंचलित यांत्रिक घड्याळ ही मानवी बुद्धीची एक सुंदर निर्मिती आहे, हे आम्ही निःसंकोच मान्य करतो. आतील एक वजनदार अर्धचक्र मनगटाच्या हालचालीबरोबर फिरते, त्यामुळे कमान ताणली जाते आणि ती हळूहळू सैल होत असता तोलचक्र तासाला बहुधा 28,800 आंदोलने घेते, म्हणजे सेकंदाला आठ. यात बॅटरी नाही, वीज नाही. धारण करणाऱ्याची हालचाल हीच त्याची शक्ती. माणूस चालला, लिहिता झाला, कुणाला नमस्कार करता झाला, की घड्याळाला दोन घास मिळाले. हातातून काढून ठेवले तर साधारण दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत ते थांबते.

आता त्या मखमली पेटीचे प्रयोजन वाचकांच्या ध्यानी येईल. जे काम मनगटाने करावयाचे, ते पेटीतील विजेचे चाक करते. ज्या यंत्राचे सारे सौंदर्य ‘विजेवाचून चालते’ यात आहे, त्याला विजेवर फिरवून जिवंत ठेवावयाचे, कारण त्याच्या धन्याला ते बांधावयास सवड नाही किंवा ओरखडा पडेल म्हणून धीर नाही. पाळण्यातले मूल आईने उचलून घेऊ नये आणि पाळणा मात्र यंत्राने हलत राहावा, असा हा प्रकार आहे.

बरे, अचूक वेळेसाठी ही घड्याळे घेतली जातात, असेही नाही. स्वित्झर्लंडमधील अधिकृत परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्या यांत्रिक घड्याळास दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते. 1969 च्या डिसेंबरात सायको या जपानी कंपनीने स्फटिकावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले. त्याच तत्त्वावर चालणारे, आज कोपऱ्यावरच्या दुकानात काही शे रुपयांस मिळणारे घड्याळ महिनाभरात साधारण पंधरा-वीस सेकंदांचा फरक दाखविते. म्हणजे वेळेच्या बाबतीत लाखांचे घड्याळ शेकड्यांच्या घड्याळापुढे केव्हाच हरलेले आहे. मग उरते ती कारागिरी. कारागिरीसाठी कुणी घड्याळ घेत असेल, तर आम्ही त्याचा सत्कार करू. पण त्याने ते घालावे. कारागिराने ते चालण्यासाठी घडविले, पेटीत फिरण्यासाठी नव्हे.

याच घड्याळांच्या इतिहासात आमच्या बाजूचा एक मोठा पुरावा आहे. ज्याची पाठ पुढे करून काच झाकता येते, ते ‘रिव्हर्सो’ नावाचे घड्याळ 1931 साली निघाले. त्याचे निमित्त भारतात घडले, असे सांगतात: येथे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळात फुटत, त्यावरचा हा उपाय. घड्याळ काढून पेटीत ठेवा, असे त्यांना कुणी सुचविले नाही. ते घालूनच खेळावयाचे, हे गृहीत धरून नवी रचना करण्यात आली. दुसरे उदाहरण पॉल न्यूमन या अमेरिकन अभिनेत्याच्या रोलेक्सचे. पत्नीने ते त्याला भेट दिले होते. मोटारींच्या शर्यतीत भाग घेणाऱ्या पतीने गाडी जपून चालवावी, असा संदेश मागे कोरून. त्याने ते वर्षानुवर्षे वापरले आणि 1984 साली मुलीच्या मित्राला सहज देऊन टाकले. 2017 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला 1 कोटी 77 लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. त्याच बनावटीची इतर घड्याळे असताना यालाच एवढे मोल का? कारण ते घातले गेले होते, दिले गेले होते, त्याला माणसाचा घाम लागला होता. बाजारानेच दिलेला हा निकाल आमचे पेटीधारक मित्र मात्र वाचीत नाहीत.

आता वाइनकडे वळू. येथे आम्ही सोवळ्याचा आव आणणार नाही. ज्याला प्यावयाची त्याने प्यावी, न प्यावयाची त्याने न प्यावी. हा लेख मद्यपाननिषेधाचा नाही. वाइन बारा-तेरा अंशांच्या स्थिर तापमानात, अंधारात, हादरे न बसता आणि बूच सुकू नये म्हणून आडवी ठेवावी, हे शास्त्र खरे आहे. परंतु त्याच शास्त्राचा दुसरा भाग असा, की जगात तयार होणाऱ्या बहुतेक वाइन काही वर्षांतच पिण्यासाठी असतात. वर्षानुवर्षे मुरून सुधारणाऱ्या वाइन थोड्या, आणि त्यांनाही एक बहराचा काळ असतो. तो टळला की त्या उतरू लागतात. लोणच्याची बरणी आणि वाइनची बाटली यांत या बाबतीत फारसा भेद नाही: योग्य वेळी पानात वाढली तर लज्जत, नाही तर नासाडी. ऐंशी बाटल्यांपैकी दोन वर्षांत तीन उघडल्या जात असतील, तर त्या गतीने कपाट रिकामे होण्यास आणखी पन्नास वर्षे लागतील. यजमानांची आजची पस्तिशी पाहता अखेरची बाटली त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनानंतर उघडली जाईल आणि तेव्हा तिच्यात काय उरले असेल, हे सांगावयास तज्ज्ञाची आवश्यकता नाही.

‘पण काका, हा चवीचा प्रांत आहे, तो कमवावा लागतो’, असे आम्हांस ऐकविण्यात आले. चव कमवावी लागते, हे खरे. ती पिऊन कमवावी लागते, जशी गाण्याची जाण ऐकून येते. केवळ बाटल्या साठविणाऱ्यांच्या चवीचे काय होते, याचा दाखला न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दिलेला आहे. रुडी कुर्निआवान या गृहस्थाने स्वतःच्या घरी साध्या वाइनची मिश्रणे करून, त्यांवर दुर्मिळ फ्रेंच वाइनची नावे चिकटवून ती धनाढ्य संग्राहकांना विकली. 2008 साली त्याच्याकडच्या काही बाटल्या लिलावास आल्या. त्यांवर 1945 पासूनची वर्षे छापलेली होती. पण ज्या पाँसो घराण्याचे नाव त्यांवर होते, ते घराणे ती विशिष्ट वाइन 1980 च्या दशकापासून बनवू लागले होते. हे ध्यानात आले ते त्या घराण्याच्या वारसाच्या. डिसेंबर 2013 मध्ये कुर्निआवान दोषी ठरला आणि पुढील वर्षी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. ज्यांची फसवणूक झाली त्यांच्याविषयी आम्हांस सहानुभूती आहे. पण इतक्या बाटल्या इतकी वर्षे पचल्या, याचा अर्थ काय? अनेक तर उघडल्याच गेल्या नव्हत्या, आणि उघडल्या गेल्या त्यांतल्या बहुतेकांची चव जिभेऐवजी चिठ्ठीने ठरविली.

या साठवणीच्या समर्थनार्थ तीन युक्तिवाद नेहमी केले जातात. त्यांचा क्रमाने परामर्श घेऊ.

पहिला युक्तिवाद गुंतवणुकीचा. ‘यांच्या किमती वाढतात.’ काहींच्या वाढतात, पुष्कळांच्या वाढत नाहीत. दुकानातून बाहेर पडताच निम्मी-पाऊण किंमत उरणारी घड्याळेही असतात. पण घटकाभर मान्य करू. गुंतवणूकच करावयाची, तर ती विकण्याच्या इच्छेने करतात. आमच्या मित्रांना विचारावे, ‘कधी विकणार?’ उत्तर येते, ‘छे, विकावयाची थोडीच!’ जी विकावयाची नाही आणि वापरावयाचीही नाही, तिला गुंतवणूक म्हणणे हा हिशेबाचा अपमान आहे. आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे शासकीय हिशेब तपासण्यात घालविलेल्या आम्हांस तरी असा ताळेबंद मंजूर करता येत नाही.

दुसरा युक्तिवाद रोजगाराचा. श्रीमंतांच्या हौसेवर कारागीर जगतो, असे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. परंतु नाशिककडच्या द्राक्षबागाईतदाराचे भले बाटली उघडून संपल्याने आणि दुसरी आणल्याने होते. ती पन्नास वर्षे निजवून ठेवल्याने नव्हे. आणि कारागिरांचीच चिंता असेल, तर इंदूरपासून शंभर किलोमीटरांच्या आत महेश्वरचे हातमाग आहेत. अहिल्याबाईंनी तेथे विणकर वसविले, असे परंपरा सांगते. त्या मागावरची साडी नेसली जाते, धुतली जाते, आईची मुलीला मिळते आणि शेवटी गोधडीत जाते. रोजगार आणि रसिकता यांचा मेळ पाहावयाचा असेल, तर तो येथे पाहावा.

तिसरा युक्तिवाद खरे तर युक्तिवाद नव्हे, टोमणा आहे: ‘तुम्हांला परवडत नाही म्हणून तुम्ही बोलता.’ परवडत नाही, हे सत्य आहे. पण शासनालाही आता परवडणाऱ्यांची स्वतंत्र गणना करावीशी वाटू लागली आहे, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. आमच्या मध्य प्रदेशाने 2022 साली जाहीर केलेल्या अबकारी धोरणात वर्षाला एक कोटी रुपये उत्पन्न असणाऱ्यांस पन्नास हजार रुपये शुल्क भरून घरच्या घरी मद्यगृह ठेवण्याची सोय केली. केंद्राने 22 एप्रिल 2025 पासून दहा लाखांवरील मनगटी घड्याळांच्या विक्रीवर एक टक्का रक्कम जागीच वसूल करावी, असे ठरविले. ती आयकरात वळती होते, म्हणजे तो वेगळा कर नव्हे, केवळ नोंद आहे. आणि त्याच वर्षीच्या 1 ऑक्टोबरपासून स्वित्झर्लंडादी देशांशी झालेल्या कराराअन्वये तिकडील घड्याळांवरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. थोडक्यात, एका हाताने नोंद आणि दुसऱ्या हाताने सवलत. तेव्हा येत्या काही वर्षांत आपल्या घरांतील पेट्या वाढणार आहेत, हे निश्चित. म्हणूनच या प्रश्नाचा निकाल हेव्यादाव्यावर न सोडता विवेकाने लावला पाहिजे.

ऐश्वर्य म्हणजे काय आणि त्याचे पुढे काय होते, हे शिकण्यासाठी इंदूरकरांना परदेशी जावे लागत नाही. दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी 1930 नंतरच्या तीन-चार वर्षांत एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग उभारून घेतली. युरोपातील अग्रगण्य कलावंतांचे सामान तेथे आले. ब्रांकुशी या थोर शिल्पकाराकडून महाराजांनी आकाशगामी पक्ष्याची शिल्पे घेतली आणि त्यांच्यासाठी एक ध्यानमंदिर बांधण्याचे योजिले. ब्रांकुशी त्यासाठी इंदुरास येऊनही गेला. पण मंदिर झाले नाही. काळ्या व पांढऱ्या संगमरवराचे ते दोन पक्षी आज ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. माणिकबागेतील सामान 1980 साली मोनॅको येथे लिलावात गेले. आणि माणिकबागेत आज केंद्रीय कराचे कार्यालय आहे.

आम्ही त्या काळाचे गोडवे गात नाही. ते वैभव रयतेच्या साऱ्यावर उभे होते, हे महसुलाची कागदपत्रे हाताळलेल्यास कुणी सांगावयास नको. पण एवढे खरे, की महाराज त्या खुर्च्यांवर बसत होते आणि पाहुण्यांना त्या महालात उतरवीत होते. आणि तरीही शहराच्या हाती काय उरले? 1891 साली स्थापन झालेले होळकर महाविद्यालय उरले, ज्याच्या बाकांवर आमच्यापैकी कितीतरी जण बसले. आणि रिक्षावाल्याला नुसते ‘एम. वाय.’ म्हटले की जेथे तो नेऊन सोडतो, ते यशवंतरावांच्या नावाचे रुग्णालय उरले. जे लोकांच्या वापरात गेले ते टिकले. जे दालनात मांडले ते हातोड्याखाली गेले. राजाच्या बाबतीत जे घडले, ते जिन्याखालच्या कपाटाच्या बाबतीत घडणार नाही, असे मानण्यास आधार काय?

भर्तृहरीने धनाच्या तीन गती सांगितल्या आहेत: दान, भोग आणि नाश. जो देत नाही आणि भोगतही नाही, त्याच्या धनास तिसरी गती ठरलेली. शाळेत पाठ केलेले हे सुभाषित आम्हांस त्या निळ्या उजेडापुढे उभे असताना आठवले. आमच्या नवश्रीमंत मित्रांस वाटते, की तापमान 13 वर ठेवले म्हणजे चौथी गती साधली: साठवण. चौथी गती नाही. ती तिसरीच आहे, फक्त तिची चाल मंद केलेली आहे.

आता स्वतःकडे वळणे प्राप्त आहे. अन्यथा हा लेख दुसऱ्याच्या घरात डोकावण्याचा उद्योग ठरेल. हा रोग नव्या पिढीने कोठून आणला? आमच्याच बैठकीतील शोकेसमधून. पाहुण्यांसाठी म्हणून राखलेला चिनी मातीचा चहाचा संच आमच्या घरी तीस वर्षे काचेआड आहे. पाहुण्यांना चहा आम्ही स्टीलच्याच पेल्यातून दिला. लग्नातील शालू दोनदा नेसून ट्रंकेत गेला आणि घडीवर चिरला. कोऱ्या चादरी पाहुणे येतील म्हणून राखल्या आणि पाहुणे आले तेव्हा ‘राहू द्या, एकाच रात्रीचा प्रश्न आहे’ म्हटले. ग्रंथसंग्रहाचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्यातील कितीजणांच्या कपाटातील पुस्तकांची पाने अजून चिकटलेली आहेत, हे आम्ही येथे विचारीत नाही. आमच्या पिढीजवळ पैसा थोडा होता म्हणून साठवण थोडी दिसली. मुलांनी आमचीच सवय मोठ्या रकमेत चालविली आहे. तेव्हा त्यांना बोल लावताना आवाज थोडा खाली ठेवणे आम्हांस भाग आहे.

मात्र एका गोष्टीबाबत आवाज खाली ठेवण्यास आम्ही तयार नाही, आणि ती म्हणजे रद्दीत गेलेली दोन कपाटे. तेथे जागेचा प्रश्न नव्हता. आमचे ते स्नेही पेन्शनच्या दिवशी प्रथम पुस्तकाच्या दुकानात जात आणि नंतर किराण्याच्या. त्या पुस्तकांच्या समासांत त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. म्हणजे ती वापरलेली होती. वापरलेली वस्तू किलोच्या भावाने गेली आणि न वापरलेल्या वस्तूंसाठी थंडगार कपाट आले. महाराष्ट्राबाहेर चार-पाच पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांची मराठी सरकारने टिकविलेली नाही. ती अशाच कपाटांनी टिकविली. एक दूरध्वनी केला असता तर या मंडळाच्या कार्यकर्त्यांनी हातगाडी घेऊन येऊन ती पुस्तके उचलली असती.

आमची मागणी मोठी नाही. ज्यांच्याकडे घड्याळे आहेत त्यांनी ती बांधावीत. ओरखडे पडतील, पडू द्यावेत. ज्यांच्याकडे बाटल्या आहेत त्यांनी समानशील मित्रांना बोलावून त्या उघडाव्यात. जे आपल्या हातून वापरले जाणार नाही, ते वापरणाऱ्याच्या हाती द्यावे. आणि वडिलांची पुस्तके घराबाहेर काढण्यापूर्वी मंडळास कळवावे.

जाता जाता एक सांगावयाचे राहिले. त्या दिवशी खणातून निघालेल्या एच. एम. टी.ला आम्ही यजमानांच्या परवानगीने किल्ली दिली. या देशात 1961 साली सुरू झालेल्या त्या घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्राने 2016 साली घेतला. घड्याळास ते वृत्त कळलेले नसावे, ते लगेच चालू लागले. यजमानांनी ते हातात घेऊन थोडा वेळ कानाशी धरले. ते बांधतील की पुन्हा खणात ठेवतील, हे आम्हांस ठाऊक नाही. पण मंडळाच्या पुढील बैठकीचे निमंत्रण आम्ही त्यांना दिलेले आहे आणि चारांपैकी कोणतेही किंवा हे पाचवे घड्याळ मनगटावर बांधून यावे, अशी विनंतीही केली आहे. सहाची म्हणून जाहीर केलेली आपली बैठक पावणेसातपूर्वी कधी सुरू होत नाही. चालते घड्याळ घातलेला एक सभासद आपल्यालाही हवाच आहे.